लावलेलं दार

४ फेब्रुवारी

चि. ताई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहावे लागत नाहीत. वसतिगृहावर पोचल्याचं तू आईला फोनवर कळवलंस. मी समोरच बसलो होतो. "यांना देऊ का?" तिने विचारलं, आणि मग बराच वेळ ती नुसतं हं, हं करत राहिली. मला कळायचं ते कळलं. फोन ठेवून देता येतो. पत्र फाडायच्या आधी माणूस एकदा बघतो तरी, म्हणून लिहितोय.

काजवालीला पोचवायला गेलो होतो त्या दिवशी, स्मशानाच्या फाटकात कारखान्यातल्या सगळ्या बायका उभ्या असताना, तू माझ्यापुढे हात पसरलास. "बाबा, किल्ली कुठाय? दाखवा ना सगळ्यांना." मी खिशात हात घातला तो तसाच ठेवला. त्याचा तू जो अर्थ लावायचा तो लावलास आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. आता ऐक. त्या दिवशी किल्ली माझ्या खिशात नव्हती. कुठे होती ते विचारू नकोस.

पेपरात आलं ते तू वाचलंच असशील. शर्टांच्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर सुटायच्या वेळी आग, इस्त्रीच्या टेबलाखालच्या कात्रणांनी पेट घेतला, काजं करणारी एक कामगार महिला गुदमरून दगावली. सगळं बरोबर आहे. फक्त पुढे छापलंय, 'मागचं दार उघडलं नाही.' जणू दाराच्याच मनात नव्हतं.

त्या दाराचं तुला नव्याने काय सांगू. सुटायच्या वेळेला मागच्या दाराला बाहेरून, जिन्याच्या बाजूने, कुलूप घालायचं आणि सगळ्यांना पुढच्या दाराने एकेक करून सोडायचं, पिशव्या बघून. मालकांचा नियम. मुकादम म्हणून झडती घेणारा मी आणि कुलूप घालणाराही मी. लहानपणी तू शाळेतून परस्पर कारखान्यात यायचीस. काजवाली पिशवी माझ्यापुढे उघडी धरून म्हणायची, "बघा मुकादम, आज एक डोकं चोरून नेतेय. तुमचं तर नाही ना हरवलं?" आणि तू खदखदून हसायचीस. तेव्हा तुला त्या झडतीत काही वावगं दिसलं नाही. मग तू अमेरिका शिकलीस.

आईची तब्येत बरी आहे. ती तुझ्या खोलीचा दिवा अजून लावून ठेवते. मी बंद करतो. विजेचा प्रश्न नाही, उगाच कोणीतरी आत आहे असं वाटतं.

— बाबा


१९ फेब्रुवारी

चि. ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं.

कॉलेजच्या वार्षिकांकातला तुझा निबंध मी परवा पुन्हा काढला. तो छापून आला तेव्हा तू जेवताना आम्हाला वाचून दाखवला होतास. अभिमानाने तुझ्या आईला घास गेला नाही. मलाही गेला नाही, पण ते तुम्हा दोघींच्या लक्षात आलं नाही. न्यूयॉर्क, १९११. बायकांचे ब्लाउज शिवणारा कारखाना, उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. सुटायची वेळ. एका जिन्याचं दार कुलूपबंद, कारण पिशव्या दुसऱ्या दाराशी तपासायच्या. एकशे सेहेचाळीस माणसं गेली, बहुतेक तुझ्या वयाच्या पोरी. मालक गच्चीवरून निसटले. खटला चालला, मालक सुटले.

मी तेव्हा विचारलं होतं, "त्यांचा मुकादम कोण होता?"

"बाबा, तो मुद्दा नाही," तू म्हणालीस, आणि पान उलटलंस.

असो. तुझी मतं आता नीट वाचली. काही पटली, काही नाही. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो.

तू लिहिलंयस की त्या आगीनंतर तिथल्या राज्याने कारखान्यांचे कायदे बदलले, म्हणून 'ते मृत्यू व्यर्थ गेले नाहीत'. तुझ्या सरांना हे वाक्य फार आवडलं होतं, तूच सांगितलंस. ताई, एकदा काजवालीच्या आईकडे जाऊन हे वाक्य म्हणून बघ. ती तुला आधी बसायला देईल, पाणी देईल, कारण तिला वाटेल तू काहीतरी बरं बोलायला आली आहेस. मग म्हण. पुरं होतं का बघ.

मोटारी बनवणाऱ्या त्या श्रीमंत माणसाबद्दल लिहिलंयस ते मात्र पटलं. त्याने मजुरी दुपटीवर नेली आणि मग कामगारांच्या घरी माणसं पाठवली, दारू पितात का, घर टापटीप आहे का, ते बघायला. तू लिहिलंस, 'मालकाची दया हीसुद्धा झडतीच असते.' मागच्या आठवड्यात आपल्या मालकांनी घरी फळांची करंडी पाठवली. आणणारा माणूस ती टेबलावर ठेवून लगेच गेला नाही. "घर छान आहे हो तुमचं," म्हणत आतल्या खोलीपर्यंत फिरून आला. "मुलगी दिसत नाही?" आईने सांगितलं, शिकायला आहे. "कुठे? काय शिकते?" करंडी कोपऱ्यात तशीच आहे. आई म्हणते फळांचा काय दोष. खात मात्र तीही नाही.

आता जिथे तू चुकलीस ते. त्या खटल्यात एक कामगार मुलगी साक्षीला आली. डोळ्यांदेखत मैत्रीण गेलेली. तिने दाराशी काय झालं ते सांगितलं. मालकांच्या वकिलाने तिला पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा. तिने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. झालं, हिला पढवलंय असं ठरलं. तुझं मतही तेच. 'खरी आठवण दर वेळी नव्या शब्दांत येते. तेच शब्द पुन्हा येतात तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे तरी असतात.' वाक्य देखणं आहे. पण ताई, ते तुझ्यासारख्यांच्या आठवणींबद्दल खरं असेल. आमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी आणि चार वर्ग. पाढे पाठ, कविता पाठ, प्रार्थना पाठ. शब्द इकडचा तिकडे झाला की हात पुढे. मला जे फार खरं वाटतं ते एकाच शब्दांत राहतं, दुसरे सुचतच नाहीत. देवापुढे मी चाळीसएक वर्षं तेच म्हणतोय. जरा वेगळ्या शब्दांत सांग, असं त्याने अजून म्हटलेलं नाही.

त्या पोरीला पढवलं नव्हतं. ती ते स्वतःशी म्हणत होती, रोज.

— बाबा


७ मार्च

चि. ताई,

मालकांनी बोलावलं होतं. जळक्या मजल्याच्या खालीच त्यांचं ऑफिस अजून चालू आहे. भिंतींना नवा रंग दिलाय, वास जात नाही. मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मुकादम, ते मागचं दार जुनं. लाकूड फुगलेलं. शिवाय आत उघडणारं. त्या बिचारीला धुरात ओढता आलं नसेल. हो ना?"

"दार आतल्या बाजूलाच उघडतं," मी म्हटलं.

"तेच तर! एवढंच सांगायचं. खोटं बोला असं मी कुठे म्हणतोय?"

"आणि कुलूप?"

"कुठलं कुलूप?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं.

तेव्हा मला कळलं की ते कुलूप आणि ती किल्ली आता कुणाला सापडायची नाहीत. आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही माझ्याकडून मागून घेतली होती. "बघू इकडे," म्हणाले, मी दिली. ते मागतात आणि मी देतो, हातालाच तशी सवय आहे. तू फाटकात हात पसरलास तेव्हा खिसा रिकामा होता तो म्हणून. आता कळलं तुला. काही फरक पडतो का ते तू ठरव.

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. चहा प्यायलो आणि उठलो.

खटल्याचं असं आहे. मालकांवर केस उभी आहे ती दाराला कुलूप होतं या एका गोष्टीवर. बाकीच्या बायका पुढच्या दाराने सुटल्या. त्यातल्या दोघींनी काजवालीला मागचं दार ओढताना पाहिलं, पण आतून कुलूप दिसत नाही. दार फुगलं असेल तरी उघडत नाही आणि कुलूप असेल तरी उघडत नाही. जिन्याच्या बाजूला एकच माणूस होता. पुढून उतरून, इमारतीला वळसा घालून, बोळातून मागचा जिना चढून गेलेला. मी सांगितलं तर कुलूप होतं. नाही सांगितलं तर लाकूड फुगलं होतं.

चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी देवापुढे उभा राहिलो, प्रार्थना सुरू केली, आणि मध्येच तोंडून निघालं, "दाराला बाहेरून कुलूप होतं." प्रार्थनेच्याच चालीत. तुझी आई मागे उभी होती. तिने ऐकलं. माझा कोट खुंटीवरून काढून हातात दिला.

सरकारी वकिलांना जाऊन सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "हे तुमच्यावरही शेकू शकतं, कल्पना आहे ना?" मी म्हटलं, आहे.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस.

— बाबा


२२ मार्च

चि. ताई,

तुझं कार्ड पोचलं. वर तीर्थरूप नाही, खाली सही नाही, मध्ये एक ओळ. 'बाबा, पाठ केल्यासारखं बोलू नका.' अक्षर तुझं आहे म्हणून कळलं. आईने ते तीनदा वाचलं. जणू मागून आणखी काही निघेल.

तुला काळजी वाटली असं आई म्हणते. मला वाटतं तुला निबंध खोटा पडायला नको होता. दोन्हीही असू शकेल. पण ओळ मी मनावर घेतली आहे. तू शिकलेली आहेस, तुझ्या सरांनी असे शंभर खटले वाचले असतील. फेब्रुवारीच्या पत्रात मी मोठ्या तोंडाने तुला चुकीचं ठरवलं, पण साक्षीला मला उभं राहायचंय, आणि ती न्यूयॉर्कची पोरगी तेच शब्द बोलून हरली हे तर खरंच आहे.

माझी अडचण अशी की माझ्याकडे सगळी मिळून पाच वाक्यं आहेत. दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली लावली. कुलूप निघालं. दार ढकललं, हलेना. आतून वजन होतं. आगीपासून ती अशीच आहेत, एक कानामात्रा हललेली नाही. ती मोडायची कशी?

आईला समोर बसवून सराव केला. ती वकील झाली, डोळ्यांवर माझा चष्मा. "हं, जिना चढलात तिथपासून पुन्हा सांगा!" मी सांगितलं. "अहो, तेच झालं की! जिना म्हणालात, आता पायऱ्या म्हणा. वजन म्हणालात, आता कोणीतरी होतं म्हणा."

"कोणीतरी कशाला? ती कोण होती ते मला माहीत नाही का?"

"मग मी वकील कशाला झालेय? उत्तर द्या, उलटं विचारू नका."

खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मग ती चष्मा काढून आत गेली, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

परवा तारीख आहे. तुझी परीक्षा आहे असं आईकडून कळलं. येऊ नकोस. म्हणजे येणार नाहीसच, पण मी नको म्हणालो म्हणून आली नाहीस असं आपण धरू.

— बाबा


२५ मार्च

चि. ताई,

काल झालं.

मालकांचे वकील वयाने माझ्याएवढेच, गोड बोलणारे. मला मुकादम, मुकादम करत होते. पाणी हवं का विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही जिना चढून वर गेलात. दाराशी काय पाहिलंत, तुमच्या शब्दांत सांगा." मी सांगितलं. माझी पाचही वाक्यं, सरळ. खोलीत आवाज नव्हता, फक्त लेखनिकाच्या यंत्राचा. मागच्या बाकावर काजवालीची आई होती. सरकारी वकिलांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की बरं झालं.

"छान," मालकांचे वकील म्हणाले. "आता पुन्हा एकदा सांगा."

ताई, अगदी तेच शब्द, तुझ्या निबंधातले. तू शेजारी उभी राहून कोपराने ढोसलंस असं वाटलं. मी थांबलो आणि शब्द बदलले. म्हटलं, "मी मागच्या पायऱ्यांनी वर गेलो. दार लावलेलं होतं. उघडायला लागलो, तर आत कोणीतरी पडलेलं होतं, त्यामुळे उघडेना."

वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "मुकादम, घरातून बाहेर पडताना तुम्ही बायकोला म्हणता ना, 'दार लाव गं'?"

"हो."

"ती काय करते? कुलूप घालते?"

"नाही. ती घरातच असते. दार लोटून घेते."

मागे कोणीतरी हसलं.

"म्हणजे तुमच्या बोलण्यात लावलेलं दार म्हणजे लोटलेलं दार."

"साहेब, कुलूप लावलेलं होतं."

"आता कुलूप आलं! पहिल्यांदा होतं, दुसऱ्यांदा गेलं, तिसऱ्यांदा परत आलं. आणि दार का उघडेना, तर आत कोणीतरी पडलं होतं म्हणून. हे तुमचेच शब्द. आमचं तरी दुसरं काय म्हणणं आहे?"

मी न्यायाधीशांकडे वळलो. मला कळत होतं की सगळं निसटतंय. मग मी माझ्या वाक्यांकडे परत गेलो, दुसरं कुठे जाणार? "दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली लावली. कुलूप निघालं. दार ढकललं, हलेना. आतून वजन होतं."

"वा," वकील म्हणाले. "पहिल्यासारखंच, शब्द न् शब्द. किती दिवस पाठ करत होतात? आणि करून कोणी घेतलं?"

खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, "घरी सराव केला." आईचं नाव घेतलं नाही. तुझं तर नाहीच.

त्या न्यूयॉर्कच्या पोरीला एका बाजूने पकडलं. मला दोन्ही बाजूंनी. तेच शब्द बोललो म्हणून खोटा, वेगळे बोललो म्हणूनही खोटा. लावणं हा काय शब्द आहे बघ. दार लावतात, कुलूप लावतात, किल्ली लावतात, आरोप लावतात. लहानपणापासून बोलत आलो, कधी अडखळलो नाही.

मी तुला दोष देत नाही. हे वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. आता राहू देतो.

— बाबा


३० एप्रिल

चि. ताई,

निकाल लागला. मालक सुटले. दार कुलूपबंद असल्याचं निःसंशय सिद्ध होत नाही. निकालपत्रात माझा शब्द अवतरणचिन्हांत आहे, 'लावलेलं'. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काही छापलं गेलं. तुझे तर निबंध येत असतात.

बाहेर व्हरांड्यात मालक मला बघून थांबले. हात जोडले, ताई, मला! म्हणाले, "मुकादम, शेवटी तुम्ही खरं तेच बोललात. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. नव्या जागेत काम सुरू करतोय, सोमवारपासून या." आणि पाठीवर थाप मारली. मागे बायका उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी ठरवूनच शब्द फिरवला. तुझ्या आईला बाजारात एकीने तोंडावर विचारलं, "किती मिळाले हो?"

मी कामावर गेलो नाही. नवी जागा बघायला मात्र गेलो. लांबूनच. मोठी आहे, उजेड चांगला आहे. वळसा घालून मागे गेलो. मागे दारच नाही, ताई. भिंत आहे. दार नाही तर कुलूप कुठलं, आणि मुकादमाला विचारायचं तरी काय.

तुझ्या निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात एक टीप आहे. न्यूयॉर्कच्या त्या मालकांपैकी एकाला दोन वर्षांनी पुन्हा दाराला कुलूप घातल्याबद्दल पकडलं आणि अगदी किरकोळ दंड झाला. हे तू खाली टाकलंस आणि 'व्यर्थ गेले नाहीत' वर घेतलंस. मी लिहिला असता तर उलट केलं असतं. पण मी लिहिणारा नाही.

सध्या एका शिंप्याकडे कापणीला बसतो. एकच खोली, एकच दार, दिवसभर सताड उघडं. वाऱ्याने कापड उडतं, तो करवादतो. मी लोटू देत नाही.

— बाबा


१६ मे

चि. ताई,

तुझं पत्र आलं. मोठं. वर तीर्थरूप, खाली सही. आईने ते उशाशी ठेवलंय.

निकालाचं वाईट वाटलं असं लिहिलंस. माझ्याबद्दलचं तुझं मत बदललं असंही लिहिलंस. 'मुकादम हासुद्धा त्या व्यवस्थेचा बळीच असतो.' बरं. स्मशानाच्या फाटकात मी गुन्हेगार होतो, आता बळी झालो. दोन्ही वेळा तू मला न विचारता ठरवलंस. मधल्या काळात मी तुझा बाप होतो की नाही, त्याबद्दल पत्रात काही नाही.

आणि मग खरं काम. तुझे सर म्हणतात की तो खटला आणि हा खटला शेजारी ठेवून प्रबंध करता येईल, साक्षीच्या भाषेवर अजून कोणी असं लिहिलेलं नाही. म्हणून माझी साक्ष शब्दशः हवी आहे. मार्चच्या पत्रात आहे ती. जपून ठेवली असशील तर बघ. एक शब्दही बदललेला नाही. तसंही मला ते जमत नाही, हे आता तुलाही माहीत आहे.

रविवारी दुपारी काजवालीची आई घरी आली होती. मला वाटलं शिव्या द्यायला आली, आणि मी त्या ऐकायला तयार होऊन बसलो. ती तू अभ्यासाला बसायचीस त्या खुर्चीवर टेकली. घाम पुसला. म्हणाली, "मुकादम, मी कोर्टात रोज येत होते. ती मोठी माणसं नुसती कुलपाचंच बोलत बसली. मला त्यातलं काही नको. मला एकच विचारायचंय, ते कोणी विचारलंच नाही."

"विचारा मावशी."

"तुम्ही जिना चढत होतात, तेव्हा ती दार वाजवत होती का? हाका मारत होती?"

तुझी आई पाण्याचा पेला घेऊन आतून आली होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"नाही मावशी," मी म्हटलं. "सगळं शांत होतं. मी पोचायच्या बऱ्याच आधी तिची शुद्ध गेली असणार. धुराने माणसाला झोप लागते, तशी. तिला काही कळलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा सांगा म्हणाली नाही. पाणी प्यायली, पेला स्वतः आत नेऊन ठेवला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, देव तुमचं भलं करो.

ताई, दार वाजत होतं. मी बोळात शिरलो तेव्हापासून ऐकू येत होतं. दोन्ही हातांनी वाजवत असावी. मुकादम, मुकादम म्हणत होती, मलाच, कारण किल्ली कोणाकडे असते ते तिला माहीत होतं. मी पळत होतो. जिन्याच्या वळणावर आवाज बारीक झाला. शेवटच्या पायऱ्यांवर नुसतं एकेकदा वाजत होतं, कोणी संकोचाने वाजवावं तसं. किल्ली कुलपाला लावली आणि ते थांबलं. माझ्या पाच वाक्यांत हे नाही. कधीच नव्हतं, मनातसुद्धा नाही. ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, पाठ केलेले नाहीत आणि नवेही नाहीत. आज पहिल्यांदा लिहिले.

मावशींशी बोललो ते खोटं होतं. त्याची माफी मी देवाकडे मागितलेली नाही आणि मागणारही नाही. त्याला ऐकायचं असेल तर ऐकलं असेल.

माझी साक्ष प्रबंधात घाल, हवी तशी, माझी हरकत नाही. हे मात्र घालू नकोस. आणि यावर तुझं मत काय होतं, ते मला कळवू नकोस.

— बाबा